रॉड सगळ्यात शेवटी घे

गंगाखेड,
भाद्रपद

चि. भाचेबुवांस,


तू पाठवलेले फोटो पाहिले. आबांची येझदी गोठ्यातून बाहेर काढलीस, इंजिन खोललंस, नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावल्यास, हे बघून बरं वाटलं. आमच्या वेळी सगळं एका घमेल्यात पडायचं आणि इंजिन बांधून झालं तरी दोन नट उरायचे. मिस्त्री म्हणायचा, कंपनीनेच जास्तीचे दिले होते.

फोटोंखाली तू तीन कनेक्टिंग रॉड दाखवलेस आणि विचारलंस, यातला कोणता मागवू? एक तांबूस रंगाचा, पिन-रोलरसकट किटमधला. दुसरा चकचकीत, रेसिंगचा म्हणून विकला जाणारा, मधोमध खोल खाचा असलेला. तिसरा कंपनीचा जुना माल, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, किंमत बाकी दोन्हींपेक्षा चढी. माझं उत्तर तुला आवडणार नाही. आज यातला कोणताच मागवू नको. या कामात रॉडची खरेदी सगळ्यात शेवटी येते, आणि तू तिथूनच सुरुवात केली आहेस. तुझं एकट्याचं तसं होतं असं नाही. मोबाइलवर वस्तू दिसते, बोटाखाली किंमत दिसते, आणि मोजमाप घ्यायचं राहून जातं.

तुझ्यासमोर दुकानात इतके प्रकारचे रॉड का आहेत ते आधी सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा गाड्या बनवल्या. सत्तरच्या दशकात त्याच घराण्याची गाडी येझदी नावाने निघू लागली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आता २०२२ पासून रस्त्यावर दिसते ती नवी येझदी चार स्ट्रोकची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. तिचा एकही आतला पार्ट आबांच्या गाडीला लागत नाही. म्हणजे तुला मिळणारा कोणताही रॉड एक तर कुठल्या तरी गोदामात पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेला असणार, नाही तर दुसऱ्याच कुणीतरी नमुना समोर ठेवून घडवलेला. राजकोट-लुधियानाकडे असं काम करणारे पुष्कळ आहेत. करोल बागेतून, पुण्याच्या नाना पेठेतून तो माल आपल्याकडे येतो. लोक त्याला सरसकट डुप्लिकेट म्हणतात आणि नाक मुरडतात. मला ते पटत नाही. त्यात चांगलं काम करणारेही आहेत, आणि नुसता आकार जुळवून डबी रंगवणारेही आहेत. डबीवरून दोघांतला फरक कळत नाही, कळतो तो मोजल्यावर.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न. जुना रॉड गेला आहे हे तुला कुणी सांगितलं? तू लिहिलंस, ‘वरचं टोक डावं-उजवं हलतं.’ ते हलणारच. बिग एंडला, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी वॉशर असतात, त्यांच्यात मोकळीक ठेवलेली असते, आणि खाली केसभर मोकळीक असली की रॉडच्या लांबीमुळे वरच्या टोकाला ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर दिसते. एवढं बघून कितीतरी चांगले क्रँक लोकांनी फोडले आहेत. तू असं कर. क्रँक पेट्रोलने स्वच्छ धू, पूर्ण निथळू दे, कारण तेलाचा थर ढिलाई झाकतो. मग क्रँकची पिन वरच्या बाजूला आणून रॉड दोन्ही हातांनी धर आणि रॉडच्याच रेषेत ओढ, दाब, पुन्हा ओढ. बाजूला झुकवू नको. हाताला बारीकसा ‘टक्’ लागला तर बिग एंड गेला. लागला नाही तर क्रँक अगदी सावकाश एक फेरी फिरव आणि रोलर कुठे अडखळतात का ते बघ. गाडी इतकी वर्षं गोठ्यात उभी होती. गोठ्यातली ओल, गोमूत्राची वाफ, शिवाय उन्हाळ्यात तापणारी आणि पावसाळ्यात घाम धरणारी इंजिनाची केस. रोलर एकाच जागी बसून राहिले की तिथं गंजाचे ठिपके पडतात. तेव्हा रॉड गेला असण्याचीच शक्यता जास्त, हे मी मान्य करतो. तरीही हाताने खात्री करून घे.

इंजिन चालू असताना ऐकलं असतंस तर आणखी कळलं असतं. बिग एंड गेला की गाडी ओढावर असताना खालून जड ठोका येतो, चढाला जास्त. स्मॉल एंडची, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाची, बुश गेली तर आवाज वरून येतो, हलका, खुळखुळ्यासारखा, आणि गाडी जागेवर चालू असतानाही ऐकू येतो. पिस्टन सैल असेल तर सकाळी थंड इंजिनात खटखट होते आणि तापल्यावर कमी होते. आता इंजिन सुटं आहे, तेव्हा हे पुढच्या वेळेसाठी.

रॉडवर काय बेतत असतं त्याचा हिशेब एकदा मांड, म्हणजे मी मोजमापाचा एवढा हट्ट का धरतो ते कळेल. येझदीचा बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, सगळी मिळून जवळजवळ २४९ सीसी. इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या मारत असेल तर पिस्टन मिनिटाला १०,००० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर. वरच्या टोकाला दिशा बदलताना जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,३०० पट. पिस्टन, रिंगा, पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन सगळं मिळून पाव किलो धरलं तरी त्या क्षणी ते सव्वातीनशे किलोच्या ओढीसारखं वागतं. ही ओढ, उलट बाजूने स्फोटाचा दाब, आणि दोन्ही झेलायला बोटभर जाडीचा रॉड.

येझदीसारख्या टू स्ट्रोकची एक वेगळीच अडचण आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका आड एका फेरीला वर दाब नसतो, तेव्हा रॉडला ओढ बसते. भार बुशच्या कधी या तर कधी त्या बाजूला जातो आणि फटीत तेल शिरायला वाव मिळतो. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला वर दाब असतो. गजन पिन बुशच्या एकाच बाजूला दाबून बसते. तेल तर पेट्रोलमधूनच यायचं. म्हणून बालाघाटाच्या लांब उताराला थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडणं वाईट: चाक इंजिनाला जोरात फिरवत असतं आणि तेलाचा पुरवठा जवळजवळ थांबलेला असतो. आबा उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडायचे, ते उगाच आवाज काढायला नव्हे.

आता क्रम सांगतो. आधी क्रँक खोल, मग पिनचं भोक मोज, मग किट घे. तू उलटा जाणार होतास.

येझदीचा क्रँक दोन चकत्यांचा. मधे पिन प्रेसने घट्ट बसवलेली, तिच्यावर रोलर, रोलरवर रॉड. नट नाही, स्क्रू नाही. सगळी पकड त्या घट्टपणाची. पिन चकतीतल्या भोकापेक्षा साधारण पाच ते आठ शतांश मिलिमीटर जाड असते, लेथवाल्याच्या भाषेत दोन ते तीन थाऊ. प्रत्येक वेळी पिन काढली-घातली की भोक किंचित मोठं होतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत हे काम आधी होऊन गेलेलं असण्याचा संभव मोठा. चकत्यांच्या कडेवर हातोडीच्या खुणा आहेत का बघ. पिनच्या तोंडाशी वेल्डिंगचा टाका, सेंटर पंचाचे ठोके, घासल्याच्या रेषा दिसतात का बघ. दिसल्या तर समज की भोक सैल आहे आणि कुणीतरी ते लपवलं आहे. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की पाचर ठोकतात तसा तो वेल्डिंगचा टाका असतो. कुऱ्हाडीला ते चालतं, पाच हजार फेऱ्यांच्या क्रँकला नाही. शर्यतीच्या इंजिनांत पिनला टाका मारतात हे मला माहीत आहे. तिथं पिन आधीच नीट घट्ट असते आणि क्रँक थोड्याच वेळाचा धनी असतो. आपल्याकडे टाका मारतात तो सैल पिन धरून ठेवायला. त्या आचेने चकती वाकते आणि पुढच्या वेळी ती दुरुस्तीच्या कामाचीही राहत नाही.

म्हणून खोलण्याआधी क्रँकच्या दोन्ही चकत्यांच्या कडेवरून गुण्याने सरळ रेघ ओढून घे. वॉशर आणि रॉड यांच्यामधली फट फीलर गेजने मोजून वहीत लिहून ठेव. मग प्रेसवर पिन काढून घे. चकतीला आधार पिनच्या अगदी जवळ द्यायचा, कडेला दिला तर ती वाकते. मग बोअर गेजने दोन्ही भोकं मोज, दोन दिशांनी, कारण भोक लांबटही झालेलं असतं. तो आकडा हातात आल्याशिवाय कोणती पिन घ्यायची हे तुला कळणारच नाही. भोक ठीक असेल तर साधं किट चालेल. मोठं झालं असेल तर जादा जाडीची पिन ग्राइंडिंगवाल्याकडून करून घ्यावी लागेल, आणि ती करणाऱ्याला योग्य पोलाद आणि हार्डनिंग दोन्हींचं ज्ञान हवं. भोक फारच गेलं असेल तर दुसऱ्या चांगल्या चकत्या शोधाव्या लागतील, आणि मग तू आज जो रॉड मागवायला निघाला आहेस तो कदाचित त्यांना लागणारच नाही.

आता किट हातात आलं असं धरू. रॉड, पिन, पिंजऱ्यासकट रोलर आणि वॉशर एकत्रच घे. नवा रॉड जुन्या पिनवर चढवू नको, पैसे वाचवायचा तो सगळ्यात महाग मार्ग आहे.

तांबूस रंगाला भुलू नको. रॉडचे डोळे, म्हणजे जिथं रोलर फिरतात ती जागा, काचेसारखी कडक लागते, पण मधला दांडा चिवट राहिला पाहिजे, नाही तर तुटेल. म्हणून पोलादाच्या वरच्या थरात भट्टीत कार्बन शिरवतात, आणि जिथं तो शिरू द्यायचा नाही तिथं आधी तांब्याचा मुलामा देतात. तांबं कार्बनला अडवतं. खऱ्या रॉडवर तांबं राहतं ते या कारणाने. पण ग्राहकाला तांबं म्हणजे अस्सल असं वाटतं हे कळल्यावर नुसता तांब्याचा रंग देणारेही निघाले. रंगावरून काही ठरवू नको. बारीक दातांची कानस घे आणि मोठ्या डोळ्याच्या आतल्या काठावर, जिथं रोलर फिरत नाहीत तिथं, हलकेच ओढ. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. तिने पोलाद कापलं तर रॉड परत कर. मोठ्या डोळ्याची आतली बाजू एचआरसी ६० च्या आसपास कडक असावी लागते. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कडकपणा मोजायचं यंत्र आहे. फी भरतोस तर त्याचा एकदा उपयोग कर.

दांड्याच्या कडेला बघ. घण मारून घडवलेल्या रॉडला कडेने रुंदशी पट्टी दिसते, साच्याबाहेर आलेला फाजील भाग कापून टाकल्याची. ओतीव मालाला तिथं बारीक धागा दिसतो. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज आहे, तिथं क्रँक आणि रॉड असेच तापलेल्या पोलादातून दाबून घडवतात. घडवताना पोलादाचे तंतू रॉडच्या आकाराप्रमाणे वळतात. सरळ गजातून यंत्राने कोरून काढलेल्या रॉडमध्ये ते तंतू मधेच कापले जातात. रॉड दिसायला सुरेख, पण ताकद सगळी पोलादाच्या जातीवर आणि जाडीवर. तो रेसिंगवाला, खोल खाचांचा रॉड याच कुळातला. शर्यतीच्या इंजिनात त्याला अर्थ आहे. आबांच्या गाडीने आयुष्यभर बियाण्याची पोती आणि दुधाचे कॅन वाहिले. तिच्यातून तू जास्त ताकद काढणार नाहीस. शिवाय त्याचं वजन वेगळं, आणि एका सिलिंडरच्या इंजिनात वजन बदललं की हादरे बदलतात. कंपनीने चकत्यांचं जे वजन ठरवलं ते जुना रॉड आणि पिस्टन धरून: फिरणाऱ्या भागाचं पूर्ण, वर-खाली जाणाऱ्या भागाचं साधारण अर्धं.

ते वजन घरीच तपासता येतं. ताईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे, तिला विचारून घे. रॉड आडवा, समतल राहील असं एक टोक दोऱ्याने टांग, दुसरं काट्यावर ठेव आणि आकडा लिही. मग उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज अख्ख्या रॉडच्या वजनाएवढी आली तर मोजणी बरोबर. जुन्या रॉडशी ताडून बघ. खालच्या टोकात थोडा फरक चालेल. वरच्या टोकात दहा ग्रॅमहून जास्त फरक असेल तर मी तो रॉड घेणार नाही.

लांबी मात्र अगदी जुळली पाहिजे. दोन्ही डोळ्यांत त्यांच्या मापाच्या पिना घाल, व्हर्नियरने बाहेरून बाहेर अंतर मोज, त्यातून दोन्ही पिनांच्या जाडीच्या बेरजेचा अर्धा वजा कर. हे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. इथं रॉड एक मिलिमीटर जास्त भरला तर पिस्टन एक मिलिमीटर वर येईल, एक्झॉस्ट उशिरा उघडेल, तळाशी पिस्टन ट्रान्सफरच्या खिडक्या पूर्ण मोकळ्या सोडणार नाही, आणि वर हेडला भिडायची भीती वेगळी. दुसऱ्या गाडीचा रॉड पिन जुळते म्हणून बसवणारे असतात आणि सिलिंडरखाली जाड पॅकिंग देऊन लांबीचा फरक भरून काढतात. गाडी चालते, हे मी नाकारत नाही. आबांच्या गाडीत तसलं काही करायचं नाही.

मग सरळपणा. त्याच दोन पिना रॉडमध्ये ठेवून, जाड काचेच्या सपाट तुकड्यावर मोठ्या डोळ्याची पिन व्ही ब्लॉकवर टेकव आणि लहान पिनेची दोन्ही टोकं डायलने मोज. शंभर मिलिमीटरला पाच शतांशाच्या आत फरक हवा. हेच रॉड उभा आणि आडवा धरून, म्हणजे वाक आणि पीळ दोन्ही कळतात. मोठ्या डोळ्याला तेल जाण्याच्या चिरा जुन्यासारख्याच, तितक्याच रुंद आहेत का बघ. स्वस्त मालात त्या अरुंद असतात किंवा त्यांच्या कडा धारदार सोडलेल्या असतात, आणि तिथूनच पुढे तडा सुरू होतो.

कंपनीचा जुना माल ग्रीसच्या कागदात असला म्हणून त्याच्यापुढे हात जोडायचे कारण नाही. ग्रीस वाळतं, कागद ओल धरतो. पिन आणि रोलर भिंगाखाली बघ. सुईच्या टोकाएवढा गंजाचा खड्डाही रोलर खाणार. माझा कल मात्र तुझ्या तिसऱ्या रॉडकडेच आहे, खड्डे नसले तर. नसेल तो तसा, तर तांबूस किट वरच्या सगळ्या तपासण्या करून. रेसिंगवाला नको.

जुना असो की नवा, तडा तपासायची आमची पद्धत स्वस्त आहे. रॉड रात्रभर रॉकेलमध्ये ठेव, सकाळी कोरडा पूस, वर खडूची पूड पसर. तडा असेल तर आतलं रॉकेल पाझरून पांढऱ्यावर रेघ उमटते. आता रॉकेल सहज मिळत नाही, डिझेल चालेल.

बसवण्याचं काम तू स्वतः करू नको. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे, पण तुझ्याकडे प्रेस नाही. इथं गंगाखेडात लेथवाल्यांकडे प्रेस आहेत, ट्रॅक्टरचे हब आणि उसाच्या ट्रॉलीचे एक्सल त्यांच्या हातून रोज जातात. पण क्रँकला नुसता प्रेस पुरत नाही, डायल गेज आणि व्ही ब्लॉक लागतात. परभणी-नांदेडला शोध, किंवा संभाजीनगरला वाळूजच्या बाजूला. मिस्त्रीला एवढंच विचार, शेवटचा आऊट, म्हणजे फिरताना शाफ्टची डगमग, किती ठेवता? ‘एकदम झिरो’ म्हणणाऱ्याकडून नमस्कार करून निघ. ‘दोन-तीन शतांश, समोर फिरवून दाखवतो’ म्हणेल त्याच्याकडे काम दे आणि दोन पैसे जास्त घेतले तरी घासाघीस करू नको. चांगला रॉड वाईट हाताने दाबला तर त्याला किंमत उरत नाही.

समोर उभा राहून हे बघ. पहिल्या चकतीत पिन काटकोनात शिरते का. वॉशरच्या तेलाच्या खोबणी रॉडकडे तोंड करून आहेत का. दुसरी चकती दाबताना तुझी रेघ जुळते का, आणि फीलर मधे घालत-घालत ते दाबतात का. तू लिहून ठेवलेली फट जवळपास परत यायला हवी, साधारण ०.२ ते ०.४ मिमी. मग डायल. दोन्ही शाफ्टवर काटा लावून फिरवायचं. चकत्या एकमेकींपासून पिळलेल्या असतील तर तांब्याच्या हातोडीने कडेवर ठोका. पिनेच्या बाजूला मिटलेल्या किंवा फाकलेल्या असतील तर पाचर किंवा शिकंजा. लोखंडी हातोडी दिसली तर बोल. आऊट राहिलेला क्रँक पुढे बेअरिंग खातो, शिवाय येझदीत इग्निशनचे पॉइंट क्रँकच्या उजव्या टोकाशी असल्यामुळे त्यांचा गॅप फिरता-फिरता बदलत राहतो. मग माणूस टायमिंग लावत बसतो आणि दोष दुसरीकडेच असतो.

स्मॉल एंडची बुश रीमरने करून घे, एमरी पेपर गुंडाळून नव्हे. तेल लावलेली गजन पिन अंगठ्याच्या दाबाने सरकावी, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये.

केस बांधताना ऑइल सील नवे घाल, दोन्ही बाजूंचे. टू स्ट्रोकमध्ये क्रँकची केस हाच पंप असतो. डाव्या बाजूचा सील गळला तर क्लचकडचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकते. उजवीकडचा गळला तर हवा शिरते, मिश्रण कोरडं होतं आणि पिस्टन पकडतो. लोक मग नव्या रॉडला शिव्या देतात. केस शंभर अंशांपर्यंत गरम केली की बेअरिंग हाताने बसतात, ठोकायची गरज नाही. पहिल्या किकच्या आधी बिग एंडवर आणि बुशवर ऑइल सोड. सुरुवातीला लिटरला ५० मिली ऑइल, गाडी मोकळी झाली की ४०. जागेवर घरघरत ठेवू नको, आणि एकाच वेगाने लांबही नेऊ नको. थ्रॉटल खाली-वर करत दैठण्यापर्यंत जा आणि परत ये, प्लगचा रंग बघ.

तुझ्या मित्राची बुलेट आहे आणि त्यालाही हेच करायचं आहे असं लिहिलंस. त्याला सांग, त्याचं गणित वेगळं. जुनी ओतीव लोखंडी इंजिनाची ३५० बुलेट, बोअर ७०, स्ट्रोक ९०, तिच्या बिग एंडला मुळात तरंगती बुश असते. बाजारात तिच्या जागी रोलरची किट मिळतात आणि ती बरी असतात, पण त्या इंजिनात तेल टायमिंग कव्हरमधून एका लहानशा कॉर्कच्या सीलमधून क्रँकमध्ये शिरतं. तो कॉर्क वाळला किंवा तिरका बसला तर कितीही भारी रॉड घाल, उपाशी मरेल. त्याने आधी तो बघावा.

कागदपत्रांचंही मधेच विचारलं होतंस. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण मग ती गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुला ती बाजाराला न्यायची आहे की मांडवात उभी करायची आहे ते आधी ठरव. मला विचारशील तर साधं नूतनीकरणच कर. इंजिनाच्या मूळ रूपात बदल नको ही त्या नियमातली अट मात्र ध्यानात ठेव. मूळ मापाचा रॉड घालण्यात दुरुस्तीच आहे, दुसऱ्या गाडीचा रॉड आणि जाड पॅकिंग हा बदल धरला जाऊ शकतो.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की या भागातले सगळे प्रेस ट्रॉल्यांच्या कामात अडकतील. त्याआधी क्रँक घेऊन ये. जुना रॉड, जुनी पिन, अगदी चेपलेले वॉशरसुद्धा सोबत आण. गाडी हजार किलोमीटर फिरेपर्यंत त्यांतलं काही भंगारात टाकायचं नाही, कारण मूळ मापं त्यांच्यावरच आहेत. दाजींना नमस्कार सांग, ताईला सांग की काटा परत मिळेल.

तुझा,
मामा

ता. क. – जुने ऑइल सील काढताना फोडशील, ते ठीक, पण त्यांच्यावर कोरलेले तीन आकडे आधी वहीत उतरव: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानदार ‘येझदीचं’ म्हणून काहीही देतो. आकडे सांगितलेस की बरोबर तेच देतो.